आजोबांच्या पित्तनलिकेतला स्टेंट

मुलांनो, रविवारी फोनवर आजोबांनी तुम्हाला सांगितलं, की त्यांची कावीळ शिरूर अनंतपाळच्या झाडपाल्यानं गेली. मी मागे उभी राहून नुसती धुमसत होते. तुम्ही तिकडे तेच खरं धरून बसाल, म्हणून झालं तसं लिहिते.

पित्ताशयातले खडे पित्तनलिकेत अडकून आजोबांचे डोळे पिवळे झाले होते. नांदेडहून आम्ही लातूरला गेलो. डॉक्टरांनी तोंडावाटे दुर्बीण घालून काही खडे काढले आणि पित्ताला वाट राहावी म्हणून आत स्टेंट, म्हणजे प्लास्टिकची बारीक नळी, बसवली. ‘ही काढायला यायचंच,’ असं बजावलं. संध्याकाळी यांच्या पोटातून पाठीपर्यंत कळ गेली. स्वादुपिंड सुजलं होतं. दुर्बीण घातल्यावर असं होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. आजोबांनी ऐकलं होतं फक्त ‘ऑपरेशन नाही’ एवढंच. मग कितीतरी दिवस सलाईनवर, तोंडात पाण्याचा घोट नाही.

सुट्टी मिळताच त्यांची बहीण त्यांना शिरूरला घेऊन गेली. तिथे कुणीतरी उपाशीपोटी पाला वाटून दिला. नळीतून पित्त वाहतच होतं, डोळे निवळणारच होते.

“बघा वैनी, दादाचे डोळे कसे चुन्यावानी पांढरे झाले!”

“वन्सं, ते नळीमुळं.”

“नळीनं तर मरायला टेकला होता माझा भाऊ. तुमचं इंग्रजी ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी.”

नळी काढायची वेळ आली तेव्हा मी बॅग भरली. आजोबा जागचे हलेनात. “मागच्या बारी चालत गेलो आन् आडवा आलो. आता कावीळच न्हाई, तर जायचं कशाला?” मी समजावलं, रागावले, तुमच्या बाबांना फोन करायला लावला. बॅग तशीच पडून राहिली.

मग एका दुपारी हुडहुडी भरून ताप चढला, डोळे पुन्हा पिवळे. वन्संना कळवलं, तर म्हणतात, “पथ्य मोडलं असंल. वांगं खाल्लं का?” मी फोन ठेवला आणि गाडी बोलावली. लातूर येईपर्यंत आजोबा असंबद्ध बडबडायला लागले होते. नळी तुंबून जंतू रक्तात गेले होते. “आजी, इतके दिवस काय करत होतात?” डॉक्टर मलाच विचारतात! तीच दुर्बीण पुन्हा घालून नळी काढली, उरलेले खडे काढले. पुढे पित्ताशयही काढलं.

आजोबा वाचले. वजन उतरलंय, तळलेलं सोसत नाही, पण सकाळी फिरायला जातात. पाल्यावरचा त्यांचा विश्वासही जसाच्या तसा आहे.