इंग्रजी गाण्यात मी घेतलेला श्वास

बायको जाऊन आठ महिने झाले. फोटो आहे, साड्या आहेत. भाकऱ्या थापताना ती एक चाल गुणगुणायची, ती मात्र डोक्यातून निसटत चालली आहे. रोज सकाळी आठवायला बसतो आणि निम्म्यावर अडकतो. मग कंटाळून नुसता बसून राहतो.

चाल तिची नव्हे, गोऱ्यांची. लांब केसवाल्या पोरांचं गिटारवरचं गाणं. उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराने त्याची कॉपी केलेली कॅसेट आमच्या बँडमास्तरला दिली होती. मी चौथी शिकलेला, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो. इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं. मास्तर म्हणाला, "तुला फुंकायचंय, भाषण नाही करायचं." कॅसेट घासून घासून चाल बसवली आणि अंबरनाथच्या वराती त्यावर नाचवल्या. बायको टोमणा मारायची, "सगळ्या गावाला नाचवता, घरात मात्र तोंडातून शब्द फुटत नाही."

गाण्याच्या मध्यात एक लांब ओढ होती, सूर न तोडता ताणत न्यायची. गिटारला काय, तिला श्वास लागत नाही. वरातीपुढे चालत फुंकताना माझा दम तिथंच संपायचा. मी थांबायचो आणि ढोलवाला दोन ठोके भरून द्यायचा. लोकांना वाटायचं, गाणंच तसं आहे. दुसऱ्या बँडांनी आमचं ऐकून उचललं, तेही त्या दोन ठोक्यांसकट. परवा पालेगावात एका हळदीला डीजेने तेच लावलं. नुसती धडधड. चाल कुठे उरलीच नव्हती. ताट टाकून उठलो.

आता कात्रपला मुलीकडे राहतो. माझी रोजची धडपड बघून तिने फोनवर गाणं शोधून काढलं.

"बाबा, हेच ना? हे ओरिजनल."

ऐकलं. चांगलं वाजवलंय पोरांनी. पण गिटार त्या ओढीवर न थांबता सरळ निघून गेली.

"हे नाही," मी म्हणालो.

"अहो, हेच आहे! तुम्ही बँडवाल्यांनीच त्याची वाट लावली होती."

"लावली असेल. पण तुझी आई मधे थांबायची."

तिने फोन ओट्यावर ठेवला. मग म्हणाली, "थांबायची. आणि परातीत दोन थापा मारायची."

हे मला ठाऊक नव्हतं. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकायचो, स्वयंपाकघरात कधी डोकावलो नाही. मला वाटायचं, ती भाकरीच थापतेय. तिला कुठे वरातीपुढे चालायचं होतं? तिचा दम काही संपत नव्हता. तरी मी थांबायचो त्याच जागी ती थांबत राहिली, सगळा जन्म.

फोन बंद करायला सांगितला. क्लॅरिनेट कपाटावर आहे, पण पुढचे दात नाहीत, फुंकणार कशाने? नुसतं गुणगुणलो. ओढीपाशी आलो आणि थांबलो. मुलीने ओट्यावर दोन थापा मारल्या.

चालीचं पुढचं आलं. शेवटपर्यंत गेलो आणि भिंतीला पाठ टेकली.