नापास सर

नापास व्हायची हौस असलेला प्राध्यापक मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुलांना नापास करण्यात आनंद मानणारे पुष्कळ होते, त्यांची टंचाई भर दुष्काळातही पडली नाही. हे सर मात्र स्वतः केलेली वस्तू घेऊन लोकांच्या दारात जायचे आणि विचारायचे, "बघा बरं, पास का नापास?" समोरचा भिडेपोटी "पास" म्हणाला की यांचा चेहरा पडायचा. "नापास" म्हणाला की खिशातून पेन्सिल निघायची. पोरांनी त्यांचं नाव 'नापास सर' ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा रागावायचं सोडून म्हणाले, "बरोबर आहे. स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा नसतो."

बहात्तरच्या दुष्काळानं आमच्या उस्मानाबाद जिल्ह्याला बोअर दिले आणि बोअरवर मोडून पडलेले हापसे दिले. सरकारी हापसा उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांचा मान राखून पाणी द्यायचा. पाहुण्यांची जीप गेली की त्याचा दांडा जो खाली जायचा, तो वर यायचं नाव घ्यायचा नाही. सरांनी डॉक्टरेट केली ती या हापशावर. आतलं चामड्याचं वायसर का झिजतं, दांड्याचा खिळा का तुटतो, यावर जाडजूड प्रबंध लिहिला आणि न मोडणारा हापसा प्रयोगशाळेत उभा करून दाखवला. विद्यापीठानंही या संशोधनाचा यथोचित गौरव केला. प्रबंधाला कापडी बांधणी केली, वर सोनेरी अक्षरं छापली आणि तो कपाटात कुलूपबंद करून ठेवला.

"प्रबंध हापसून पाणी येत नाही," सर म्हणाले. "हा हापसा कुणीतरी बनवून विकला पाहिजे. दुसरं कुणी नसेल तर मी विकतो." विद्यापीठ हादरलं. पुस्तकं कोळून प्यालेला माणूस विकणार? विभागप्रमुखांनी त्यांना खासगीत विचारलं म्हणे, "उद्या हातगाडीवर भाजी लावणार का?" शेवटी मोठ्या मिनतवारीनं त्यांना दोन वर्षांची बिनपगारी रजा मिळाली. त्या मुदतीत कारखाना उभा राहिला तर राहिला. नाहीतर परत येऊन खडू हातात घ्यायचा आणि हापसा विसरायचा, अशी अट होती.

माझा पुतण्या हल्ली पुण्यात स्टार्टअप चालवतो. त्याला कॉलेजनंच काचेची खोली दिली आहे, सल्ला द्यायला माणसं दिली आहेत, आणि कंपनी बुडाली तरी त्याला अनुभव म्हणतात. या व्यवस्थेला इनक्युबेशन म्हणतात असं त्यानं मला समजावलं. आमच्या काळी अंडी उबवायची सोय फक्त पोल्ट्रीवाल्यांकडे होती.

सरांनी कचेरीत जाऊन कंपनीची चौकशी केली, तेव्हा तिथल्या भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "कंपनी? कशापायी, सर? सोसायटी काढा. सोसायटी म्हणलं की जागा बी मिळती, लोखंड बी मिळतं. एकट्या माणसाला इथं कोण इचारतंय?" मग सरांनी सोसायटी काढली. 'यंत्रनिर्माण सहकारी संस्था मर्यादित'. सहकारात मर्यादित हा शब्द फक्त पाटीवर असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. येडशीला स्टेशनजवळ पत्र्याचं शेड मिळालं. मी येडशीचाच, त्यांचा जुना विद्यार्थी. नोकरी नव्हती म्हणून संस्थेचा सचिव झालो. पुढं म्हातारपणी माझा सत्कार झाला, त्यात या गोष्टीला ध्येयवाद म्हणण्यात आलं.

पहिला हापसा तपासणीसाठी कुठं बसवायचा, यावर अणदूरच्या पुढच्या एका गावात मोठी चर्चा झाली. म्हणजे सरपंच बोलले आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. हापसा सरपंचांच्या दारात बसावा असं ठरलं. सरांनी चहा घेतला, आभार मानले आणि हापसा गावाबाहेर बौद्ध वस्तीतल्या बंद पडलेल्या बोअरवर नेऊन बसवला. गावाची विहीर आणि वस्तीची तहान यांची तोवर ओळख करून दिलेली नव्हती. "सगळ्यात जास्त जिथं हापसतील, तिथं खरा पेपर," सर म्हणाले.

तिथं त्यांना परीक्षक भेटली. हौसाबाई. दिवसा खडी फोडायची, कडेवर पोर, आणि आवाज असा की वस्तीवर बोलली तर चावडीवर ऐकू जावं. सरांनी विचारलं, "बाई, पास का नापास?" तिनं दांडा हापसला, घागर भरली आणि सरांना भांडंभर पाणी दिलं. गावात येणारा कुठलाही साहेब सरपंचांच्या ओसरीपलीकडं सरकत नसे. हे सर तिच्या ओट्यावर मांडी घालून बसले आणि ते पाणी घटाघटा प्यायले. ती जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "नापास. दांडा लई जड हाय."

सर खुशीत येडशीला परतले. दांडा हलका झाला. पुढच्या वेळी ती म्हणाली, "नापास. करकरतोय. पोरगं जागं होतंय." खिळा बदलून बेअरिंग आलं. त्यानंतर तोटी उंच पडली, मग ती ठेंगणी झाली. हापसा मात्र खरोखर सुधारत होता. भर उन्हाळ्यात बाकीच्या गावांतले हापसे माना टाकून उभे असताना वस्तीतला एक दिवस बंद पडला नाही. तरी बाई पुढच्या खेपेला म्हणाली, "नापास. आवाजच न्हाय बघा. पाणी आल्यालं कळत न्हाय." मी कपाळाला हात लावला. "सर, आता पुरे. विकायला काढू." सर पेन्सिलीला टोक करत होते. "परीक्षकानं पास केल्याशिवाय?"

तिकडे रजा संपत आली होती आणि शेडमधून एकही हापसा विक्रीला बाहेर पडला नव्हता. आता आण्णा पुढं आले. आण्णा दूध सोसायटीचे चेअरमन होते, कुक्कुटपालनाचे होते, आणि जिथं चेअरमन नसायचे तिथं माजी चेअरमन असायचे. हापशातलं त्यांना काही कळत नव्हतं, सहकारातलं सगळं कळत होतं. "सर," ते प्रेमानं म्हणाले, "वस्तू काय, मागनं बी बनती. आधी मंडळ बनावं लागतंय." आणि सर वस्तीतल्या घागरींची मापं घेऊन तोटीची उंची ठरवत होते तेवढ्या काळात आण्णांनी मंडळ बनवलं.

अध्यक्षाची निवडणूक झाली पाहिजे, असा आग्रह सरांचाच. नियमात होतं ना! सभेत आण्णा उठले. "सरांची इद्वत्ता लई थोर. पर ज्या बाईच्या दारात हापसा बसवला, ती बाईच दर टायमाला नापास म्हणती. मग ह्यो माल घेणार कोण?" संचालकांनी माना हलवल्या. मतं टाकायची वेळ आली तेव्हा सर उठून शेडच्या बाहेर जाऊन उभे राहिले. मी मागं धावलो. "सर, तुमचं मत?"

"माझ्याच नावावर मी शिक्का मारू? स्वतःचा पेपर..."

सर एका मतानं पडले. मी त्यांच्यावर जितका चिडलो, तितका आण्णांवरही चिडलो नाही. "तुम्ही मत दिलं असतं तर बरोबरी झाली असती," मी म्हणालो. "मग चिठ्ठी टाकली असती. आणि चिठ्ठ्या करायचं काम माझ्याकडं होतं!" सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परीक्षेत कॉपी करताना सापडलोय.

आण्णांनी पहिला ठराव सरांच्या अभिनंदनाचा मांडला आणि दुसरा, हापसा बंद करून लोखंडी खुर्च्या करण्याचा. दुष्काळात पाणी आटतं, सत्कार आटत नाहीत. त्यामुळे काही दिवस खुर्च्या बऱ्या खपल्या. पुढं संस्था खुर्च्यांसकट बसली आणि शेडमध्ये कडब्याच्या गंजी लागल्या.

सर कॉलेजात परत गेले आणि निवृत्तीपर्यंत खडू झिजवत राहिले. अटीतला हापसा विसरण्याचा भाग तेवढा त्यांना जमला नाही. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत ते येडशीला उतरायचे, मला सोबत घ्यायचे आणि एसटीनं वस्तीवर जायचे. पिशवीत नवं वायसर असायचं. ओट्यावर मांडी घालून पाणी प्यायचे, वायसर बदलायचे आणि विचारायचे, "हौसाबाई, आता?" ती केस पिकले तरी तेच म्हणायची. "नापास, सर." आणि ते पुढच्या वर्षीच्या विचारात खूश होऊन परतायचे. त्यांना एवढ्या निगुतीनं नापास करणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

सर गेले त्याची शोकसभा कॉलेजात झाली. ज्यांनी प्रबंधाला कुलूप लावलं त्यांनी सरांना द्रष्टे म्हटलं. मला तिथं बसवेना. दुसऱ्या दिवशी मी वस्तीवर गेलो. हौसाबाई हापशाजवळच बसली होती. सर गेल्याचं सांगितलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला आणि हळूच विचारलं, "कवा?" तो दणदणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

मग मीच विचारलं, "मावशी, हा हापसा नीट कधीपासून चालतोय?"

"पैल्या उन्हाळ्यापासनं. बेअरिंग घातलं तवापासनं कदी नड केली न्हाय बघा त्येनं."

"मग दर वेळेला नापास का म्हणायच्या?"

तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं असं बघितलं, की एवढा शिकलेला माणूस असलं काय विचारतोय.

"म्या पास म्हणले असते, तर सर परत आले असते व्हय, दादा?"

माझ्यापुढं ती सभा उभी राहिली, आण्णांचं भाषण, बाहेर उन्हात उभे असलेले सर. सगळं तोंडाशी आलं. तिनं उठून दांडा हापसला आणि मी ओंजळ धरून पाणी प्यालो. सोसायटीबद्दल मी तिला काही सांगितलं नाही.