बक्खाली, आणि न मागता काढून घेतलेली किल्ली

मागच्या हिवाळ्यात याच ब्लॉगवर मी फोनने उघडणाऱ्या गाडीचं कौतुक केलं होतं. 'किल्ली शोधायची कटकट गेली. प्रवासाची आवड असलेल्या वयस्कर जोडप्यांनी अशीच गाडी घ्यावी,' असं ठणकावून लिहिलं होतं. ते वाचून कोलकात्यातल्या आमच्या ओळखीच्या दोन मराठी घरांनी तशी गाडी घेतली, आणि परवा तिसऱ्या घरून चौकशीचा फोन आला. म्हणून हे लिहिणं भाग आहे. त्या लेखात खोटं काही नव्हतं, पण जे होतं ते अर्धंच होतं.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. माझे यजमान रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. शेवटची बदली कोलकात्यातल्या गार्डन रीचच्या मुख्यालयात झाली, आणि निवृत्तीनंतर आम्ही बेहालात फ्लॅट घेऊन इथेच राहिलो. मी बदलीच्या गावांमधल्या शाळांत गणित शिकवलं. मुलगा केदार बंगळुरूला असतो. गाडी त्याने घेऊन दिली. गाडीचा मालक म्हणून ॲपमध्ये त्याचं नाव आहे, आणि त्याने आम्हा दोघांच्या फोनवर एकेक किल्ली पाठवली. फोन खिशात ठेवून दाराशी गेलं की दार उघडतं. शिवाय बँकेच्या कार्डासारखं एक कार्ड मिळालं होतं, फोन बंद पडला तर वापरायला. ते मी कपाटात ठेवून दिलं.

समुद्रकाठच्या बक्खालीला जायचं ठरण्याच्या तीन आठवडे आधी यजमान खिदिरपूरला चष्मा आणायला गेले. तासाभराचं काम, पण परतायला चार तास लागले. गार्डन रीचच्या आमच्या जुन्या क्वार्टरसमोर गाडी लावून, फाटक उघडायची वाट बघत बसले होते. तिथे आता दुसरं कुटुंब राहतं. आम्ही ते घर सोडून आठ वर्षं झाली. पहारेकऱ्याने ओळखलं, चहा पाजला आणि मला फोन केला.

मी केदारला कळवलं. तो म्हणाला, "आई, बाबांना गाडी देऊ नको."

"हे तू त्यांना सांग."

"सांगायला कशाला पाहिजे? माझ्या फोनमधून मी त्यांचा किल्ली काढून टाकतो. एक मिनिटाचं काम."

"त्यांची किल्ली," मी म्हटलं. केदार बंगालमधल्या बदलीच्या गावांत वाढला, बंगालीत शिकला, त्यामुळे त्याच्या मराठीत लिंगाचा घोळ असतो. मी व्याकरण सुधारलं आणि पुढे काही बोलले नाही. गप्प बसणं म्हणजे होकार देणं, असं मी वर्गात मुलींना अनेकदा सांगितलेलं आहे.

आता प्रवास.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला बेहालाहून निघालो. डायमंड हार्बर रोडने सरळ दक्षिणेला जायचं, वळणाचा प्रश्नच नाही. एकूण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण चार-पाच तास धरा. आमतलाचा बाजार सातच्या आत ओलांडा, नाहीतर व्हॅनरिक्षा आणि भाजीच्या पाट्यांमध्ये अर्धा तास जातो. डायमंड हार्बरला नदीकाठी थांबून लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि बटाट्याचा रस्सा खाल्ला. नदी तिथे इतकी रुंद होते की पलीकडचा काठ म्हणजे धुक्यातली एक रेघ. दोघांचा नाश्ता शंभर रुपयांत झाला.

तिथपर्यंत यजमानांनी गाडी चालवली, आणि उत्तम चालवली. हे मुद्दाम लिहिते आहे. पुढे मी बसले. काकद्वीप गेलं, नामखाना आलं. तिथे पूर्वी गाडी बार्जवर चढवून खाडी ओलांडावी लागे. आता पूल आहे, आणि आम्ही त्या पुलावरून निदान चारदा गेलो आहोत.

"बार्ज किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं.

"पूल झालाय की."

"हो, हो. पूल." आणि मग हसून, "मी तुझी परीक्षा घेत होतो, बाई."

मी गाडी पुलावर घेतली.

बक्खालीत ओहोटीला समुद्र एवढा लांब जातो की शोधायला निघावं लागतं. राखाडी वाळू, मागे सुरूची झाडं, आणि थंडीत दुपारी चारलाच उतरणारा मळकट उजेड. हॉटेल किनाऱ्यापासून दहा मिनिटांवर होतं. दोन हजारांच्या आत स्वच्छ खोली मिळाली, पण गरम पाणी बादलीनेच येतं. जेवण आधी सांगून ठेवावं लागतं. यजमान वाळूत पुष्कळ चालले. खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जागी झाले तर शेजारचा पलंग रिकामा होता. खाली गाडीही नव्हती. मी शाल घेतेय तोवर फोन वाजला.

"अगं, मी फ्रेझरगंजच्या बंदरावर आहे. पापलेट घेतलं. ताजं आहे." मग आवाज खाली आणून, "मला गाडी उघडायचं आठवत नाहीये."

टोटो म्हणजे बॅटरीवरची रिक्षा. फ्रेझरगंजला ती अर्ध्या तासात नेते. बंदरावर सुकवायला टांगलेल्या माशांच्या ओळी होत्या आणि तो वास नाकात बसला तो बसलाच. ओळींच्या टोकाला आमची गाडी उभी होती. यजमान दाराशी उभे होते, एका हातात माशांची पिशवी आणि दुसऱ्या हातात फोन. फोन ते काचेला लावत, मुठीला लावत, परत काचेला लावत. भोवती चार कोळी जमले होते.

"मेशोमशाय, फोनला जरा फुंकर मारा," एक म्हणाला. बंगालीत मेशोमशाय म्हणजे मावशीचे यजमान. वयस्कर माणसाला अशी हाक मारतात.

"अरे, रेडिओ आहे का तो, फुंकायला!" दुसरा म्हणाला. "चाबी नाई? लोखंडाची चाबी?"

"नाई," यजमान म्हणाले. "चाबी नाहीच आहे याला."

"मग गाडी कसली! पेटी झाली."

सगळे हसले. यजमानही हसले, पण त्यांच्या कपाळावर घाम होता. जानेवारीत.

मी जवळ गेले आणि माझ्या पिशवीतल्या फोनने दार खट्कन उघडलं. कोळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बघ, तुला येतं. मी काहीतरी दाबून पुसून टाकलं असणार. कालपर्यंत येत होतं गं मला."

त्यांचा फोन मी हातात घेतला. ॲपमध्ये लिहिलं होतं की या फोनला एकही गाडी जोडलेली नाही.

त्यांना गाडीत बसवलं आणि जाळ्यांच्या ढिगाआड जाऊन केदारला फोन लावला. रात्री दोनला उठवल्यासारखा तो थकलेला वाटत होता, वाजले होते सकाळचे साडेसात. "आई, तेव्हा काढतो म्हणालो, पण काढला नव्हता. पहाटे फोनवर दिसलं की गाडी चाललीये. तू झोपलेली असणार हे कळलं. मी घाबरलो. गाडी थांबेपर्यंत वाट बघितली, चालत्या गाडीत काही नको म्हणून. थांबल्यावर काढून टाकला." "त्यांना काही झालं असतं तर?"

मुलगा वाईट नाही. त्याने चार कोळ्यांसमोर बापाचा अपमान करायचा म्हणून काही केलं नाही. दीड हजार किलोमीटरवरून त्याला एक ठिपका हलताना दिसला, आणि त्याच्या हातात एक बटण होतं.

यजमानांना मी त्या वेळी काही सांगितलं नाही. हॉटेलात पापलेट तळून घेतलं. ते फारसे जेवले नाहीत. दुपारी व्हरांड्यात बसून त्यांनी हॉटेलच्या जेवणाच्या यादीचा कोरा भाग पुढे घेतला आणि पेन उघडलं.

"सांग. पहिल्यापासून. मी लिहून घेतो."

आणि मी सांगितलं. फोनचं कुलूप उघडा. ॲप उघडा. गाडीचं चित्र दिसेपर्यंत थांबा. दार आपोआप उघडलं नाही तर करायच्या अशा सात पायऱ्या. ते सुवाच्य अक्षरात लिहून घेत होते, प्रत्येक आकड्याला गोल करत होते. तिसऱ्या पायरीला, "चित्र दिसलं नाही तर?" असं त्यांनी विचारलं. "दिसेल," मी म्हटलं. तिसऱ्या पायरीचं चित्र कधीच दिसणार नव्हतं हे मला ठाऊक होतं. संध्याकाळी ते डोळे मिटून सातही पायऱ्या पाठ म्हणत होते.

हेन्रीज आयलंड, मगरींचं केंद्र वगैरेबद्दल विचारू नका. आम्ही गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी परत निघालो. डायमंड हार्बरला त्याच नदीकाठी मातीच्या भांड्यातला चहा घेतला. त्यांनी खिशातून तो कागद काढला आणि पुन्हा वाचायला लागले. मला ते बघवेना. मी सगळं सांगितलं: केदारचं, आणि मी गप्प बसले तेही.

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही."

चेहरा आधी सैल झाला. खरंच सांगते, आनंद होता तो. मग तो गेला.

"आणि तुला हे काल दुपारी ठाऊक होतं."

"हो."

"आणि तू मला सात पायऱ्या लिहायला लावल्यास."

भांडं त्यांनी फेकलं नाही, नीट कडेला ठेवलं. स्वतःहून गाडीत डावीकडे, चालकाच्या शेजारी जाऊन बसले. आमतलाच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा, रस्त्याकडे बघतच म्हणाले, "रेल्वेत शिपायालासुद्धा चार्ज रिपोर्टशिवाय हलवत नाहीत."

रेल्वेबाहेरच्यांसाठी सांगते. बदली होवो की निवृत्ती, खुर्ची सोडणारा आणि खुर्चीवर येणारा समोरासमोर बसतात. काय दिलं, काय घेतलं याची यादी होते आणि दोघांच्या सह्या होतात. याला चार्ज देणं म्हणतात. यजमानांनी आयुष्यात अकरा वेळा चार्ज दिला. शेवटचा दिला तेव्हा कुलपांच्या किल्ल्या एकेक करून टेबलावर ठेवल्या होत्या, असं ते अजून सांगतात.

घरी आल्यावर पंधरा दिवस मी हा लेख लिहायचं टाळलं. आता आपला प्रश्न: फोनची किल्ली बरी की लोखंडाची? सोयीचं म्हणाल तर फोनचीच. माझ्या पिशवीतला फोन नसता तर यजमान उन्हं चढेपर्यंत बंदरावर उभे राहिले असते. लोखंडाची किल्ली हरवते, गाडीत अडकते, ती दुसऱ्याला पोचवायला माणूस पाठवावा लागतो. घ्यायची तर घ्या. पण ॲपमध्ये मालक कोण हे आधी विचारा, आणि कार्ड कपाटात न ठेवता जवळ बाळगा; ते घरी ठेवणारी मूर्ख मीच. आणि एक गोष्ट कुठल्याही दुकानात सांगत नाहीत. लोखंडाची किल्ली माणसाकडून काढून घ्यायची तर त्याच्यासमोर जाऊन हात पुढे करावा लागतो. तो नाही म्हणू शकतो, भांडू शकतो, रडू शकतो. त्यानंतर दिली तर ती त्याने दिलेली असते. फोनमधली किल्ली नुसती नाहीशी होते, आणि आधीच स्वतःच्या डोक्याला घाबरणारा माणूस समजतो की आपलंच डोकं गेलं.

गाडी त्यांनी चालवू नये, हे खरंच आहे. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. म्हणूनच मागायला हवी होती.

गेल्या रविवारी केदार आला. दारातच म्हणाला, "बाबा, चूक माझा झाला."

"चूक झाली. स्त्रीलिंगी आहे," यजमान म्हणाले. "बस इथे. हात पुढे कर."

"कशाला?"

"किल्ली हवी ना? माग."

केदारने माझ्याकडे पाहिलं. मी यजमानांकडे मान वळवली. त्याने हात पुढे केला.

"बाबा, किल्ली द्या."

यजमानांनी आधीच कागद लिहून ठेवला होता. तो जसा आहे तसा उतरवते.

चार्ज रिपोर्ट. देणार: मी. घेणार: चि. केदार.

१. कार्डाची किल्ली, नग एक. दिली.

२. फोनमधली किल्ली, नग एक. आधीच घेतलेली. त्या वेळी देणारा फ्रेझरगंज बंदरावर, सोबत पापलेट.

३. गाडी उघडण्याच्या पायऱ्या सात, कागद एक. पाठ आहेत. दिला.

४. विकलेल्या जुन्या गाडीची लोखंडी किल्ली, नग एक. गाडी नाही. किल्ली देणाऱ्याकडेच राहील.

देणाऱ्याची सही. घेणाऱ्याची सही. खाली माझ्यासाठी 'साक्षीदार' असं लिहून जागा सोडली होती. तो शब्द मी खोडला, 'घेणार क्र. २' असं लिहिलं आणि सही केली.