आमसुलांच्या आठवड्यात

मे महिन्यातल्या एका मंगळवारी माझ्या मुलीला पहिल्यांदा पाळी आली आणि मी तिला रागावलो.

तिच्या आईला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. परड्यातल्या कोकमाच्या झाडाखाली रतांबे पडायला लागले होते. दर वर्षी आमसुलं तिची आई घालायची. मी पडवीत वाचत बसायचो. मुलगी म्हणाली, या वर्षी आपण घालू. सकाळपासून आम्ही रतांबे फोडत होतो. ती पाणी प्यायला उठली तेव्हा ड्रेसवर मागे लाल डाग दिसला. रतांब्याचा डाग धुऊन जात नाही. "जुने कपडे घाल म्हणून सांगितलं होतं ना?" मी म्हणालो. आवाज चढला होता. ती "हो" म्हणून आत गेली, आणि थोड्या वेळाने मागच्या दाराने शेजारच्या काकूंकडे.

संध्याकाळी काकूंनी दगडी गडग्यापलीकडून हाक मारली.

"अहो भाऊ, तो डाग रतांब्याचा नव्हता. पोर दुपारपासून माझ्याकडे बसलीय. बाबाला सांगू नको म्हणते. एवढी पुस्तकं वाचता, एवढं कळलं नाय होय?"

काय लागेल ते काकूंनी तिला दिलं होतं, समजावलंही होतं. तिच्या आईने याबद्दल तिच्याशी कधी काही बोलून ठेवलं होतं का, हेही मला माहीत नव्हतं. ती घरी आली तेव्हा मी चहा केला.

"मी रागवायला नको होतं."

"तुला कुठे माहीत होतं?" ती म्हणाली. तिने मला माफ केलं की टोमणा मारला, मला ठरवता आलं नाही.

गुहागरहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. तिला मीच कळवलं होतं. दुसरं कुणाला विचारणार? "चार दिवस बाजूला बसव तिला," ती म्हणाली. "आणि आमसुलांना हात लावू देऊ नकोस. नासतात." मुलगी शेजारीच उभी होती. फोनमधलं सगळं तिला ऐकू गेलं.

आमसुलांचं काम असं, की मीठ घातलेल्या रसात सालं बुडवायची, उन्हात वाळवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा रस पाजायचा. मध्ये थांबता येत नाही.

"आई काय करायची?" तिने विचारलं.

सोळा वर्षांचा आमचा संसार. माझी आई होती तोवर बायको त्या दिवसांत स्वयंपाकघरात जात नसे, एवढं मला आठवत होतं. आई गेल्यानंतरचं काहीच आठवेना. कधी कधी बायको "आज दिवा तुम्ही लावा" म्हणायची. ती दमली असेल, असं मी समजत आलो होतो.

"तुला काय वाटतं?" मी म्हणालो.

"मला काय विचारतोस, बाबा? मला माहीत असतं तर तुला विचारलं असतं का?"

तिचे डोळे भरून आले. मी रसाचं पातेलं उचलून तिच्यासमोर ठेवलं. हे बरोबर होतं की बहिणीचं ऐकायला हवं होतं, मला कळत नव्हतं. तिने डोळे पुसले आणि हात बुडवला.

दोन दिवस आभाळ भरून राहिलं. शनिवारी एका सुपातल्या सालांवर पांढरी बुरशी दिसली. दुसऱ्या सुपातली सालं चांगली होती.

"माझ्यामुळे?" ती म्हणाली.

"नाही. त्या सालांच्या रसात मीठ मी घातलं होतं. कमी पडलं."

मीठ मी घातलं होतं की तिने, मला खरंच आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. बहिणीला मी बुरशीचं सांगितलं नाही. तिच्या म्हणण्यावर माझा विश्वास नव्हता म्हणून, की होता म्हणून, तेही मला सांगता येणार नाही.

पुढच्या महिन्यात मी पुस्तक वाचत बसलो असताना मुलगी पडवीत आली आणि खांबाला टेकून उभी राहिली. "बाबा, दुकानातून आणून देशील?" मी काय आणायचं ते विचारलं नाही. पिशवी घेतली आणि निघालो.

आता घरात आम्ही दोघं आहोत, आणि पाळी आली की ती मला सांगते.