बोट वर, मामा हजर

माझे मामा एका जुन्या बड्या हॉटेलात वेटर होते. 'होते' म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. निवृत्त होऊन वर्ष होत आलं तरी 'आमच्याकडे' म्हणायचे, आणि आमच्याकडे म्हणजे घरी नव्हे, हॉटेलात. 'आमच्याकडे टॉवेल दोनदा बदलतात,' असं मामीच्या हातून टॉवेल घेता घेता सांगायचे. तो टॉवेल मामीने त्यांच्या तोंडावर कसा फेकला नाही, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

त्या हॉटेलाबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट. पुढून संगमरवर, आणि मागून, जिथून नोकरमाणसं आत जातात तिथे, ओल आणि उंदीर. बडा घर पोकळ वासा. पण पाहुण्यांना त्याचं काय! जिना पाहून त्यांना गहिवरून येतं. कुठल्याशा राणीने मुक्काम केलेली खोली ते हट्टाने मागून घेतात. ती राणी नेमकी किती खोल्यांत झोपली होती, हे त्या दिवशी किती जणांनी खोली मागितली यावर ठरतं. एका बाईंनी राणीच्या पलंगाला आपलं अंग लागू नये म्हणून गालिच्यावर रात्र काढली, आणि सकाळी पाठ धरली म्हणून मॅनेजरला फैलावर घेतलं. पलंग मागच्याच वर्षी आणलेला. दुसरे एक गृहस्थ जुन्या काळची लिफ्ट अनुभवायला आले आणि ती कुरकुरते म्हणून भांडून गेले. हे सगळं मामा आम्हाला भक्तिभावाने सांगत.

"अहो, पण हा शुद्ध वेडेपणा झाला," मी म्हणायची.

"मोठी माणसं गं. त्यांच्या लहरीही मोठ्याच असणार."

कपाळ!

त्या हॉटेलात एक रीत आहे. पाहुण्याने वेटरला हाक मारायची नाही. नुसतं बोट वर करायचं. आणि वेटरने पाहुण्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, हातांकडे बघायचं. हाक मारायची वेळ आली की त्या वेटरची नाचक्की. मामांनी उभा जन्म हात बघण्यात घालवला. जेवण म्हणजे दोन फेऱ्यांच्या मधे, स्वयंपाकघराच्या दाराशी, उभ्याने. घरीही तेच. ओट्याला टेकून, नजर दाराकडे ठेवून, चार घास पोटात ढकलायचे की झालं. टेबलाशी मामी एकटी. जित्याची खोड.

मग हॉटेलचा वर्धापनदिन आला आणि निवृत्त नोकरांना कुटुंबासह दुपारच्या जेवणाचं आमंत्रण आलं. त्याच मोठ्या दालनात, पाहुण्यांच्या पंक्तीला. औदार्य कसलं, वर्तमानपत्रात फोटो यायला हवा होता. मामा-मामींना मूल नसल्यामुळे कुटुंब म्हणून मला धरून नेलं. मी तोंड वाकडं करत होते, तर मामी मला बाजूला घेऊन म्हणाली, "हॉटेल नाही बघायचं गं मला. ह्यांना बसून जेवताना बघायचंय. लग्न झाल्यापासून समोरासमोर बसून एक घास खाल्ला नाही आम्ही. आज तरी बसतील." मी चपला घातल्या.

सुरुवातच अशी झाली की मामा सवयीने मागच्या गल्लीत वळले. मामीने कोपराला धरून त्यांना पुढच्या दाराशी आणलं. दारवानाने दार उघडलं तर मामांनीच त्याला वाकून नमस्कार केला.

टेबलाशी ते खुर्चीच्या कडेवर टेकले, दात काढायला आल्यासारखे. आधी काटे-चमचे सरळ केले. मग माझा ग्लास उजेडात धरून पाहिला. सूप आलं. मामीने चमचा उचलला आणि ते उचलतील म्हणून थांबली. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ, छताकडे बघत आपल्या बायकोला 'इथे इतिहास श्वास घेतो' असं काहीबाही ऐकवता ऐकवता, बोट वर करते झाले.

मामा उठले.

"अहो!" मामी म्हणाली. पण मामा पोहोचलेसुद्धा होते. त्यांनी पाणी ओतलं. मग पलीकडच्या टेबलाला मिरपूड हवी होती. तिथून आणखी पलीकडे. आपल्याच टेबलावरचा रुमाल त्यांनी हातावर टाकला होता, आणि इतिहासाचे श्वास मोजायला आलेल्या त्या दालनभर शहाण्यांपैकी एकालाही कळलं नाही की आपल्याला वाढणारा म्हातारा ठेवणीतल्या कोटात आलेला पाहुणा आहे. मॅनेजरला मात्र कळलं. तो खांबापाशी उभा राहून कौतुकाने हसला. "सवय आहे त्यांना," असं मला म्हणाला. दोन वेटर कमी होते त्या दिवशी. फुकटचा हात कोण सोडतो?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी आणते ओढून," म्हणून मी उठले.

"बस तू," मामी म्हणाली. "ओढून आणलेला माणूस काय कामाचा?"

तिचं सूप तसंच होतं, वर साय धरलेलं. डोळे भरून आले होते, पण ते तिने पुसले नाहीत. पाठ ताठ केली, समोर बघितलं, आणि शांतपणे बोट वर केलं.

दालनाच्या त्या टोकाहून मामा लगबगीने आले. नजर हातावर. कमरेत वाकून म्हणाले, "बोला, बाईसाहेब."

"एक माणूस हवाय," मामी म्हणाली. "समोर बसून जेवायला. तुमच्याकडे मिळतो का?"

"आत्ता आणतो, बाई—" म्हणेपर्यंत त्यांनी मान वर केली. ते मामीच्या तोंडाकडे बघत राहिले. मग हातावरचा रुमाल काढून मांडीवर पसरत ते बसले. या वेळी पूर्ण खुर्चीभर.

"गार झालंय गं," पहिला चमचा घेऊन ते हळूच म्हणाले.

"असू दे. खा."

तेवढ्यात शेजारच्या इतिहासप्रेमींचं बोट पुन्हा वर गेलं. मामांचा चमचा हवेतच थांबला, गुडघे हलले. मामीने चेहऱ्यावर काही न दाखवता टेबलाखाली त्यांच्या पावलावर आपलं पाऊल दाबून ठेवलं, आणि जेवण संपेपर्यंत ते उचललं नाही.