उखळ पुसायची भाकरी

आमच्या सोलापुरात भुसाराच्या आडतीवर पोती मोजायचा मोठा काटा असायचा. वजन झालं की हमाल ते ओरडून सांगायचा, आत गादीवर बसलेल्या शेठला ऐकू जावं म्हणून. पोत्याला काय लाज? पण दर मंगळवारी शेंगदाण्याच्या पोत्यामागोमाग त्याच फळीवर मी चढायची, आणि तो मेला माझंही वजन त्याच सुरात ओरडायचा, "ब्याऐंशीऽऽ!" आख्खी आडत मान वळवून बघायची.

"अरं, मी काय पोतं हाय का?" मी खवळायची.

"फळीवर चडलं की समदी सारकीच, मावशी," तो म्हणायचा आणि खुशाल पुढचं पोतं ओढायचा.

आता हसू येतं. तेव्हा रडू यायचं, कारण लागोपाठ नऊ मंगळवार तो ब्याऐंशीच ओरडत होता.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मालक गिरणीत साच्यावर होते, पोरं शाळेत जायची. घरी मी आणि माझी थोरली नणंद, आम्ही दोघी शेंगांची चटणी करून विकायचो. वन्सं विधवा होऊन भावाकडे आल्या, त्याला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. दाणे भाजायचे, लसूण-तिखट-मीठ घालायचं आणि जमिनीत पुरलेल्या दगडी उखळात तेल सुटेपर्यंत कांडायचं. मुसळ माझ्या हातात. वन्सं खाली बसून दाणे पाखडायच्या, उखळातली चटणी काढायच्या, उखळ पुसायच्या. माझ्या हाताची चटणी आणि त्यांच्या हाताचं मीठ, असं गल्लीत म्हणायचे. हातमागवाल्यांच्या घरातून तेलुगू बोलत बायका यायच्या, अक्कलकोटकडच्या बायका कानडीत भाव करायच्या, पण डबा प्रत्येकीचा भरूनच जायचा.

मग बेंबीपाशी गाठ आली. मी लक्षच दिलं नाही. चौऱ्याण्णव किलोच्या बाईला कुठं ना कुठं काहीतरी लोंबतंच, असं स्वतःशी म्हणायची. एक दिवस मुसळ उचललं आणि पोटात अशी कळ गेली की तिथंच आडवी झाले. उलट्या थांबेनात. टांग्यात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं आणि त्याच दिवशी पोट फाडलं. अंतर्गळ होता, आतडं अडकलं होतं. थोडक्यात वाचले.

टाके काढताना डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमच्या पोटाची भिंत विरलेल्या धोतरासारखी झालीय. मी कशीबशी शिवलीय. वजन पंच्याहत्तरवर आणा, मग मुसळ हातात घ्या. त्याच्या आधी घ्याल तर पुन्हा फाटेल, आणि दुसऱ्यांदा शिवायला कापड उरायचं नाही."

सोलापूरच्या बाईला विरलेलं कापड म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. मी मान हलवली.

सुरुवातीला वजन कसं भराभरा उतरलं! दोन महिन्यांत चौऱ्याण्णवची ब्याऐंशी झाले. बांगड्या सैल झाल्या, पोलकी दोन्ही बाजूंनी आत घ्यावी लागली. मी हवेत होते. आणखी दीड महिना, की मुसळ हातात, असा माझा हिशेब. तोवर म्हणून बंद पडलेली चटणी आम्ही पुन्हा सुरू केली; वन्संनी मुसळ घेतलं, आणि त्यांचं बसायचं काम माझ्याकडे आलं.

आणि तिथंच गाडी रुतली. ब्याऐंशी. ब्याऐंशी. ब्याऐंशी. चहातली साखर सोडली. रात्रीची भाकरी अर्धी केली, मग चतकोर. पहाटे उठून सिद्धेश्वराच्या तळ्याला फेऱ्या मारायला लागले. हमाल आपला तेच ओरडतोय. एकदा तर मी चपला, बांगड्या, जोडवी, सगळं काढून वन्संच्या हातात दिलं आणि श्वास रोखून फळीवर चढले. तरी ब्याऐंशीच.

इकडे वन्संचा खांदा जायला लागला. आधीच काटकुळी बाई. चार दणके दिले की भिंतीला टेकायच्या. दिवसाला पाच उखळं निघायची ती तीनवर आली. दारातनं बायका परत जायला लागल्या. एक दिवस वन्सं म्हणाल्या, "आता हे बंद करू या गं. माज्यानं न्हाय व्हत." त्या रात्री मला अन्न गोड लागलं नाही. मी पंच्याहत्तरवर आले नाही तर आमच्या दारात चटणीचा वास पुन्हा यायचा नाही, एवढं सरळ होतं.

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाता ते सांगायला लावलं. मी सांगितलं. बिनसाखरेचा चहा, सकाळी एक भाकरी, पालेभाजी, रात्री चतकोर आणि ताक. त्यांनी चष्म्यातनं माझ्याकडे बघितलं.

"एवढंच खाऊन वजन हलत नाही, हे शक्य नाही बाई. काहीतरी चोरून खाताय."

तळपायाची आग मस्तकात गेली. चोरून? मी? माझ्याच घरात? "डॉक्टर, उपाशी मरीन पन खोटं बोलणार न्हाय," असं म्हणून मी तरातरा बाहेर पडले. दवाखान्यापासून घरापर्यंत नुसती धुमसत चालले. घरात पाय ठेवल्या ठेवल्या वन्संना सांगितलं, "उद्या दिवसभर माज्या तोंडात जेवढं जाईल तेवढंच दुसरं ह्या डब्यात टाका. चतकोर खाल्ली तर चतकोर, चमचाभर तर चमचाभर. परवा हा डबा त्यांच्या टेबलावर आपटते, मंग बघते कोन चोर ते!"

"येवडी आग कशापाई?" वन्सं म्हणाल्या. पण त्यांनी मोठा पितळी डबा घासूनपुसून ठेवला.

आमच्या वन्सं म्हणजे वजनाला पक्क्या. चिमूटभर इकडची तिकडं करणार नाहीत. दुसऱ्या दिवशी मी भाकरी खाल्ली, त्यांनी भाकरी टाकली. मी भाजी खाल्ली, त्यांनी पळीनं मोजून भाजी टाकली. मग आम्ही कामाला लागलो. तीन उखळं कांडून झाली. दिवेलागणीला मी मोठ्या ऐटीत डब्याचं झाकण काढलं.

बघते तर काय! भाकरी आणि भाजी पार तळाला, आणि वर लालभडक, तेलानं थबथबलेले भाकरीचे तुकडे. डब्याच्या कडेनं तेल साचलेलं.

"वन्सं, हे काय? हे कुनी टाकलं?"

"मी. तुज्या तोंडात गेलं म्हनून, तेवडंच तेला-चटनीत बुडवून."

"अवो, ते खानं न्हवं! उखळ पुसलं मी!"

वन्संनी माझ्याकडे नीट बघितलं. "पुसलंस ते फडक्यानं न्हाय, भाकरीनं पुसलंस. मंग ती भाकरी गेली कुटं?"

मी डब्यातला एक तुकडा उचलून बघितला.

ज्यांच्या घरी उखळ नाही त्यांना सांगते. शेंगांच्या चटणीच्या उखळाला पाणी लावायचं नसतं. ओल राहिली की पुढची चटणी दोन दिवसांत वास मारते. म्हणून बुडाशी, कडेला जे चिकटून राहतं ते भाकरीच्या तुकड्यानं फिरवून फिरवून पुसून घ्यायचं. सगळं सुटलेलं तेल तिथंच उतरलेलं असतं. आणि तो तुकडा टाकायचा नसतो. दुष्काळात सरकार वाटायचं त्या सुकडीच्या रांगेत उभी राहिलेली माणसं आम्ही, भाकरीचा तुकडा उकिरड्यावर टाकेल कोण? तो आपला तोंडात जातो. पण त्याला कुणी खाणं म्हणत नाही. ताट नाही, पाट नाही, भूक नाही. ते उखळाचं काम असतं. डॉक्टरांनी मला दहादा विचारलं असतं तरी ते माझ्या ध्यानात आलं नसतं. रोजची दीड भाकरी आणि त्यावर ओंजळभर शेंगदाण्याचं तेल, असं मी साफसफाई म्हणून गिळत होते.

मला स्वतःचंच हसू यायला लागलं. पोट धरून हसले, टाक्यांची जागा दुखेपर्यंत. वन्सं पण हसल्या. हसता हसता मी म्हटलं, "मंग तुमी इतकी वर्सं उखळ पुसलं, तुमी कशा न्हाय फुगल्या?"

"माजं ते जेवान हुतं की," वन्सं म्हणाल्या आणि डब्याला झाकण लावायला लागल्या.

"जेवान? कसलं?"

"दुपारचं."

माझं हसू तिथंच थांबलं. "आन् आता?"

"आता काय. चा असतोय की."

दहा-बारा वर्षं ही बाई माझ्या घरात होती. सकाळी सगळ्यांबरोबर एक भाकरी, रात्री एक. दुपारी मी तिला कधी ताट घेऊन बसलेलं बघितलं नव्हतं, आणि कधी विचारलंही नव्हतं. भावाच्या घरी राहायचं तर दोन वेळच्या वर हात पसरायचा नाही, असं तिनं मनाशी ठरवलेलं. दुपारी उखळ पुसलेल्या तुकड्यांवर ती भागवायची. मी बसायचं काम घेतलं आणि न विचारता ते तुकडेही घेतले. वर पाच पाच शेरांचं मुसळ तिच्या हातात दिलं आणि खांदा का दुखतो म्हणून तेल चोळत बसले.

मला इतका राग आला की विचारू नका. आधी तिचाच आला. "तुमची जीभ झडली हुती का? बोलायचं न्हाय?"

"तू आजारातनं उटलेली. तुला खावंसं वाटतंय, खाऊ दे म्हनलं."

मग मात्र मी रडले. त्यांच्या मांडीत डोकं घालून रडले, आणि त्या आपल्या म्हणत राहिल्या, "आगं टाकं दुकतील, आगं टाकं दुकतील."

मंगळवारी मी त्यांना ओढून फळीवर चढवलं. त्या नको नको म्हणत होत्या. हमालानं काटा बघितला, पुन्हा एकदा बघितला. सगळ्या बाजाराला ऐकवणारा माणूस, पण माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "अडतीस, मावशी." त्याचं ते हळू बोलणं मी आजवर विसरले नाही.

डबा घेऊन मी डॉक्टरांकडे गेले, पण आपटला नाही. समोर ठेवला आणि सगळं सांगितलं. "चोरून न्हवतं डॉक्टर, पुसून हुतं." त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला. कोकणातला माणूस, डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, आणि तरी दुसरा तुकडा उचलला. "मी तुम्हाला चोर म्हणायला नको होतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "जाऊ द्या. तुमी म्हनला नसता तर मी डबा भरला नसता." शिपायाला चहा सांगितला त्यांनी माझ्यासाठी, बिनसाखरेचा.

मग आमच्या घरात दुपारचं ताट सुरू झालं. वन्सं सहजासहजी बसतात कुठल्या! "मला सवं न्हाय," "पोटाला जड व्हतंय," सतरा सबबी. मी पण वस्ताद. भाकरीचा तुकडा घेऊन उखळाकडे निघायची. "तुमी न्हाय जेवला तर मी पुसनार बगा. मंग डॉक्टरास्नी तुमीच जाब द्या." की लगेच पाटावर. आधी ताट, मग उखळ, आणि उखळ पुसायचं ते त्यांनीच, असा कायदा झाला. चटणी महिनाभर बंदच ठेवली, खांद्याला विश्रांती म्हणून. मग दिवसाला एक उखळ सुरू केलं. बायकांना सांगितलं, थांबा जरा. आणि थांबल्या त्या.

वजन काही धावत सुटलं नाही. एक्याऐंशी, ऐंशी, मग अठ्ठ्याहत्तरवर तीन मंगळवार पुन्हा अडलं. पण ह्या वेळी मी घाबरले नाही. दिवसभराचा डबा पुन्हा भरून बघितला. त्यात खरंच काही नव्हतं. मग अंगाला वेळ हवा असेल तर घेऊ दे बापडं, असं म्हणून तळ्याच्या फेऱ्या मारत राहिले. चौथ्या मंगळवारी हललं.

पुढच्या सुगीच्या सुमाराला एका मंगळवारी हमाल ओरडला, "पंच्याहत्तरऽऽ!" आडतीतल्या लोकांना सगळी गोष्ट माहीत झालेली. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. मी उतरले आणि वन्संना वर ढकललं. हमाल वाकला, काट्याकडे बघितलं, छाती भरून घेतली आणि असा ओरडला की पलीकडच्या पेठेत ऐकू गेलं असेल, "सेहेचाळीसऽऽ!"

वन्संनी पदर सावरला. मला वाटलं लाजल्या. तर म्हणतात कशा, "न्हाय ऐकू आलं. वरड की परत."

घरी येऊन मी पोटाला पट्टा बांधला आणि मुसळ हातात घेतलं. चार दणके दिले, पोट काही बोललं नाही. उखळभर चटणी कांडून झाली, डब्यात भरली. वन्सं जेवून आल्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उखळाशी बसल्या. गोल फिरवून फिरवून पुसलं, तोंडात टाकलं, डोळे मिटून चावलं.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.