शेवटचा स

“तुला! तुला विचारतेय मी, शेजाऱ्यांना नाही!” बायको लाटणं हातात धरून ओरडत होती. आमचा फ्लॅट चंदीगडजवळ झिरकपूरला सातव्या मजल्यावर आहे. तिचा आवाज ऐकून खाली तुंबलेल्या गाड्यांनी हॉर्न वाजवायचे बंद केले, खोटं नाही सांगत. एरवी ते काम ट्रॅफिक पोलिसालाही जमत नाही.

तिनं विचारलं होतं एवढंच, “कुठे गेला होतास?” मला ऐकू आलं, “कुठे गेला होता?” म्हणून मी साध्या मनानं विचारलं, “कोण?” सकाळपासून हे चौथ्यांदा झालं होतं.

हा आमच्या मराठीतला शेवटचा स. ‘गेलास’ म्हटलं की मी गेलो, ‘गेला’ म्हटलं की दुसराच कोणीतरी गेला. माझ्या कानातून तो स गळाला आणि आमच्या घरात एक तिसरा माणूस राहायला आला. ती आतून विचारायची, “आलास का?” आणि मी उठून दार उघडायचो, पार्सलवाला आला असेल म्हणून. एकदा तर बाहेर कोणी नाही हे बघून लिफ्टपर्यंत त्याच्या मागे धावलो. बायकोचं माहेर साताऱ्याचं, आम्ही एका वर्गातले, त्यामुळे पहिल्या दिवसापासून अरे-तुरे. विदर्भातली केली असती तर वाचलो असतो. तिकडे नवऱ्यालाही बिनधास्त ‘आला का’ म्हणतात, स लावतच नाहीत.

आता कानाचं हे कसं झालं, तर माझ्या मस्तीनं. हवाई दलात असताना इंजिनाजवळ कानांवर झाकणं घालायचा नियम होता. मी ती गळ्यात अडकवून हिंडायचो. उघड्या कानानं कुठला बोल्ट सैल आहे ते सांगायचो. एकदा तर चालू इंजिनाशेजारी उभं राहून पायलटच्या पोटातला गुडगुडाट ऐकला आणि भटुरे किती खाल्लेत ते सांगितलं. पोरं टाळ्या वाजवायची. त्या टाळ्याही फार मोठ्यानं वाजायच्या.

मग शिट्टी सुरू झाली. कुकरची असते तशी, फक्त ही थांबत नाही. मी गॅस बंद केला, वरच्या मजल्यावरच्यांशी त्यांच्या पंख्यावरून भांडलो, सोसायटीच्या लिफ्टविरुद्ध दोन पानी तक्रार लिहिली. शेवटी बायकोनं माझे दोन्ही कान तळहातांनी दाबून धरले. शिट्टी उलट मोठी झाली. तेव्हा कुठे कळलं की ती बाहेर नाही. त्या दिवशी मी कोणाला काही गंमत सांगितली नाही.

सेक्टर १७ जवळ कान तपासणारी एक तरुण मुलगी आहे, तिच्याकडे बायको घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवून तिनं मला हिंदी शब्द ऐकवले, ते मी बऱ्यापैकी धडाधड परत म्हटले. मग कागदावर एक रेघ दाखवली. डावीकडे ती सरळ चालत होती आणि पुढे कसौलीच्या डोंगरावरून कालक्याला उतरल्यासारखी खाली कोसळली होती. स, फ यांसारखे बारीक आवाज त्या उतारावर असतात, तेच गेलेत, असं तिनं समजावलं. कानातले जे बारीक केस मेले ते परत येत नाहीत. मेंदूला तो आवाज मिळेनासा झाला की तो आपलाच आवाज वाढवून बसतो, ती शिट्टी. गोळी नाही. अगदी शांत खोलीत बसू नका, पंखा चालू ठेवा, कानाला मशीन लावून बघा, हळूहळू सवय होते. मी ऐकत होतो आणि शिट्टी मध्येच तिच्या बोलण्यात तोंड घालत होती.

आणि तिथे मी माती खाल्ली. रुबाबात म्हणालो, “डॉक्टर जी, मुझे हिंदी में सब सुनाई देता है. बस मराठी में नहीं.”

ती मुलगी हसली. सगळे अंकल असंच म्हणतात, घरचं ऐकू येत नाही, असं काहीसं बोलली. बायको हसली नाही. परतताना ऑटोत मी तिला समजावायचा प्रयत्न केला की हिंदीत असा शेवटचा स नसतोच. पण तिला एवढंच समजलं होतं की जगाचं मला ऐकू येतं, फक्त तिचं येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती चहा घेऊन आली आणि म्हणाली, “चाय ले लो.”

मला वाटलं चेष्टा आहे. दुपारी पुन्हा हिंदी, संध्याकाळी हिंदी. राग नाही, टोमणा नाही, भाजीवाल्याशी बोलावं तसं नीट, मोजकं. आमची मुलगी मोहालीला राहते, ती आमच्या मराठीला आधीपासून हिंदीतच उत्तर देते. म्हणजे या घरात मराठी होती ती आम्हा दोघांपुरती. तीही गेली. मी माझ्याच घरात पेइंग गेस्ट झालो. आणि खरं सांगायचं तर हिंदीत मी एकदाही चुकलो नाही. त्यामुळे भांडणार तरी कशावर?

चार महिने टाळल्यावर मी मशीन घेतलं. पहिल्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज असा आला की छत कोसळलं असं समजून मी टेबलाखाली गेलो. शिट्टी गेली नाही, थोडी मागे सरकून बसली. पण खालचा चौकीदार फोनवर “बस, बस” म्हणाला आणि त्यातले दोन्ही स मला ऐकू आले. मी लिफ्टची वाट न बघता सात मजले चढून वर आलो.

बायको मेथी निवडत होती. मी समोर बसलो, पंखा बंद केला, कानामागचं मशीन तिला दाखवलं. म्हटलं, आता स येतो. काहीही विचार. मराठीत विचार.

तिनं मशीनकडे पाहिलं, मग जुडीची पुढची काडी उचलली.

“राहू दे,” ती म्हणाली. “मला आता हिंदीच बरी पडते.”